रॅपर चालला, आता नाव कुणाचं आणि गाणी कुणाची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. नाशिकचा चौघांचा बँड, सहा वर्षं झाली, अकरा गाणी बाहेर आहेत. रॅपर मराठी-हिंदीत लिहितो आणि तोच डिसेंबरनंतर बाहेर पडतोय, कारण त्याला एकट्याने बीट्सवर काम करायचंय. भांडण नाही. मागे राहिलेत गिटार, बेस आणि ड्रम्स. तेच नाव ठेवून नवा रॅपर घ्यायचा, की रॅप सोडून सरळ गायक घ्यायचा? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘रेज अगेन्स्ट द मशीनचंही असंच झालं होतं ना? त्यांनी काय केलं?’

मी पुण्यात लाइव्ह साउंड करतो, त्याला वीस वर्षं होऊन गेली. मधली काही वर्षं एका रॅप-रॉक बँडमध्ये बेसही वाजवला आणि आमचाही रॅपर गेला होता. त्यामुळे पुढचं अर्धं मिक्सिंग कन्सोलमागून बघितलेलं आहे आणि अर्धं तोंडावर आपटून शिकलेलं.

नवा माणूस मिळणं ही तुमची अडचण आहे, असं मला वाटत नाही. लयीत बोलणारी पोरं आता गल्लोगल्ली आहेत. अडचण ही आहे की तुमच्या अकरा गाण्यांत जो ‘मी’ बोलतो, तोच निघून चाललाय. साध्या रॉक बँडचा गायक बदलला तर लोक चार दिवस कुरकुरतात आणि सरावतात, कारण चाल तीच असते आणि नवा माणूस तीच चाल गातो. रॅपमध्ये धरून ठेवायला चाल फारशी नसते. श्वास कुठे घेतला, कुठला शब्द ठेक्याच्या आधी टाकला, कुठला मुद्दाम मागे ओढला, यावर गाणं उभं असतं आणि ते त्या एकाच तोंडाच्या मापाने बेतलेलं असतं. कवळी कितीही चांगली असली तरी शेजाऱ्याच्या तोंडात बसत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. हुक, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी, लोकांच्या तोंडी बसणारी ओळ, कोण गातं? तुमचा गिटारिस्ट हुक गात असेल आणि पब्लिक तेच हुक ओरडत असेल, तर तुमच्याकडे बरीच शिल्लक आहे. गिगला, म्हणजे तुमच्या शोला, मित्रमंडळींपलीकडचे किती लोक येतात? सगळे ओळखीचेच असतील तर नावाचा एवढा विचार करायची गरजच नाही, बिनधास्त बदला. आणि तुमच्यात कागदावर काही आहे का? बहुधा नसेल. आमच्यातही नव्हतं.

आता रेजकडे, म्हणजे त्या अमेरिकन रॅप-रॉक बँडकडे, येतो. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा ती गोष्ट तुमच्या जास्त जवळची आहे.

१९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये हे चौघे जमले. गिटारिस्ट टॉम मोरेलो एका मोठ्या कंपनीकडून अल्बम काढून, तो आपटलेला बघून आला होता. रॅपर झॅक डे ला रोचा हार्डकोर पंकमधून आलेला. बेसवर त्याचा लहानपणचा मित्र टिम कॉमरफर्ड, ड्रम्सवर ब्रॅड विल्क. पहिल्याच वर्षी बारा गाण्यांची कॅसेट स्वतःच काढून विकली आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये एपिक या कंपनीकडून पहिला अल्बम आला. त्यावर त्यांनी छापलं होतं की यात सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा), कीबोर्ड, सिंथेसायझर काहीही वापरलेलं नाही. ही फुशारकी होती, पण गरजेची. कारण ऐकणाऱ्याला खात्रीने वाटायचं की मागे डीजे स्क्रॅच करतोय. तो डीजे म्हणजे मोरेलोच्या गिटारवरचा टॉगल स्विच. तारांचा आवाज पकडणाऱ्या दोन पिकअपपैकी एकाचा व्हॉल्यूम शून्यावर, दुसऱ्याचा पूर्ण वर. एका हाताने तारा घासायच्या, दुसऱ्याने स्विच टकाटक मागेपुढे. आवाज तुटतो, जोडतो, तुटतो. तुमच्या गिटारिस्टने करून बघितलंच असेल, सगळेच करून बघतात.

कमी लोकांच्या लक्षात येतं ते वेगळंच. झॅक बोलायला लागला की अनेक गाण्यांत गिटार बाजूला होते. ‘बुलेट इन द हेड’चं कडवं ऐका: बेस आणि ड्रम्स गाणं ओढतात, गिटार नुसती मधूनमधून कोपऱ्यातून आवाज काढते. याला साउंडवाल्याच्या बाजूनेही कारण आहे. रॅपरची व्यंजनं, म्हणजे ट, क, च, ज्यांच्यामुळे शब्द कळतो, ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतात आणि डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचा चावाही तिथेच असतो. दोघं एकदम बोलले की शब्द मरतो. मग रॅपर आणखी ओरडतो, माइक मुठीत गच्च धरतो, स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून शिट्टी येते आणि सगळे माझ्याकडे बघतात. रेजने ही मारामारी कन्सोलवर नाही, गाणं बांधतानाच सोडवली होती. नव्या हॉलमध्ये पीए, म्हणजे लोकांसाठीचे मोठे स्पीकर, लावले की मी आजही पहिल्यांदा तोच अल्बम वाजवतो. मिक्स अँडी वॉलेसचं आहे, आणि त्यात काही खुपलं तर दोष हॉलचा किंवा माझा, अल्बमचा नाही.

हे एवढं लांबवलं, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म यातच आहे. त्या गाण्यांतली जागा झॅकसाठी सोडलेली होती. शब्द त्याचे, संगीत चौघांचं, आणि श्रेयही तसंच छापलेलं. संगीत बनवणारे तिघं मागे राहिले तरी गाण्यातली ती रिकामी जागा त्यांच्या मालकीची होत नाही.

१९९६ चा दुसरा अल्बम आणि १९९९ चा तिसरा, दोन्ही अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले. मधल्या काळातल्या करामती तुम्हाला ठाऊक असतील: १९९३ मध्ये फिलाडेल्फियात तोंडाला चिकटपट्ट्या लावून, नागडे, एकही सूर न वाजवता पंधरा मिनिटांच्या आसपास उभं राहणं, मागे नुसता गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरमधून येणारी तीच शिट्टी. ज्याचं आयुष्य फीडबॅक मारण्यात गेलंय त्याने हे कसं बघायचं सांगा. तर, इतकं सगळं जोरात चालू असताना १८ ऑक्टोबर २००० ला झॅकने बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पैसे, नशा, बाई, असलं काही कारण दिलं नाही. निवेदनाचा आशय एवढाच की निर्णय घ्यायची आमची पद्धत पार कोलमडलीय. मला हे वाक्य फार ओळखीचं वाटतं. बँड गाण्यांवरून क्वचित मोडतात. गाण्याबद्दल शेवटचा शब्द कुणाचा, हे कधी ठरलेलंच नसतं, त्यावरून मोडतात.

मग तिघांनी काय केलं? नाव ठेवलं नाही. नवा रॅपरही घेतला नाही. निर्माता रिक रुबिनने साउंडगार्डन या रॉक बँडच्या ख्रिस कॉर्नेलचं नाव सुचवलं, म्हणजे रॅपचा गंधही नसलेला गायक, आणि बँडचं नाव झालं ऑडिओस्लेव्ह. २००२, २००५, २००६ असे तीन अल्बम काढले. ते ऐकताना तुम्ही ड्रम्स आणि गिटारकडे लक्ष द्या. तेच तिघं, तेच हात, पण गाणी मोकळी आणि लांब झाली, कारण कॉर्नेल एक स्वर घेऊन चार मात्रा वर चढत जायचा आणि त्याच्याखाली काहीतरी धरून ठेवावं लागायचं. म्हणजे जुन्या रिफवर, गिटारच्या त्या फिरत्या तुकड्यांवर, नवं तोंड चिकटवलं नाही, तोंड बघून रिफ बदलले. सुरुवातीला मैफिलींत जुनी गाणी वाजवायची नाहीत हेही पथ्य पाळलं. स्वतःची ओळख झाल्यावर, २००५ च्या दौऱ्यात, ती हळूच यादीत आली.

जुनी गाणी दुसऱ्याच्या तोंडून वाजवायचा खरा प्रयत्न त्यांनी फार उशिरा केला, २०१६ मध्ये, आणि तेव्हाही नाव वेगळंच: प्रॉफेट्स ऑफ रेज. एका झॅकच्या जागी दोन माणसं लागली, पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपचा चक डी आणि सायप्रस हिल या दुसऱ्या ग्रुपचा बी-रिअल, दोघंही आपापल्या परीने बापमाणूस. मैफिली दणक्यात झाल्या. पण माझं मत विचाराल तर ती फार महागडी कव्हर पार्टी होती. स्वतःचा अल्बम एकच आला आणि २०१९ च्या शेवटी झॅक परत येतोय म्हटल्यावर तो बँड गुंडाळला गेला.

झॅकच्या बाजूनेही बघा, कारण तुमचा मित्रही त्याच वाटेवर निघालाय. एकट्याने काम करायला म्हणून बाहेर पडलेल्या या माणसाचा स्वतःच्या नावाचा पूर्ण अल्बम इतक्या वर्षांत आलेला नाही. एक छोटा प्रकल्प, तुरळक गाणी, इतरांच्या गाण्यांत पाहुणा. आणि २००७ च्या एप्रिलमध्ये कोचेला महोत्सवापासून चौघे पुन्हा एकत्र आले खरे, २०११ पर्यंत अधूनमधून वाजवलं, पण नवीन गाणं एकही नाही. २०२२ चा दौरा सुरू झाला आणि शिकागोत, दुसऱ्याच शोला, झॅकचा पाय दुखावला. पुढचे शो त्याने बसून केले, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे पाचही तसेच, आणि उरलेला दौरा रद्द झाला. बदली म्हणून कुणालाही उभं केलं नाही. २०२३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान घ्यायला एकटा मोरेलो गेला आणि २०२४ च्या जानेवारीत विल्कने स्पष्ट सांगून टाकलं की आता पुन्हा वाजवणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग लिंकिन पार्क या दुसऱ्या रॅप-रॉक बँडचं काय? त्यांनी तर नाव ठेवलं. ठेवलं, पण तिथे गेला तो गाणारा, आणि लिहिणारा-रॅप करणारा माइक शिनोडा पहिल्या दिवसापासून जागेवर आहे. त्यातही गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै २०१७ मध्ये वारल्यावर सात वर्षं थांबले आणि सप्टेंबर २०२४ ला एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन परतले. तरीही बऱ्याच चाहत्यांना ते पचलं नाही. आणि एक विसरू नका: प्रसिद्धीच्या आधी, पहिला गायक सोडून गेला आणि चेस्टर आला तेव्हा, याच लोकांनी झीरो हे नाव टाकून हायब्रिड थिअरी घेतलं, मग तेही टाकून लिंकिन पार्क. तुमच्या पायरीवर असताना त्यांनी नावाला कवटाळलं नव्हतं.

लिम्प बिझकिट या आणखी एका रॅप-रॉक बँडचं उलटं झालं. रॅपर राहिला, गिटारिस्ट वेस बोरलंड २००१ मध्ये गेला. अमेरिकाभर दुकानादुकानांत ऑडिशनं घेतली, वाजतगाजत. २००३ चा अल्बम त्याच्याशिवाय आला. त्यात मला गिटार ऐकू येते, गिटारिस्ट ऐकू येत नाही. शेवटी बोरलंडलाच परत आणलं.

आता आमची फजिती. आमचा रॅपर भोसरीच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या माणसाचा मुलगा. त्याने लिहिलेल्या गाण्यात वडिलांचा डबा होता, तिसऱ्या पाळीहून परत आलेला, तळाला भाजीचं तेल सुकलेला. नोकरीसाठी तो बेंगळुरूला गेला. आम्ही पंधरा दिवसांत नवा पोरगा घेतला, नाव तेच, यादी तीच. पोरगा चांगला होता. फ्लो तर जुन्यापेक्षा साफ. एका कॉलेजच्या फेस्टला त्याने ते गाणं घेतलं. दुसऱ्या कडव्यात ‘बापाचा डबा’ आला आणि पुढच्या रांगेतून त्याच्याच वर्गातलं कुणीतरी ओरडलं, ‘अरे, तुझा बाप डेंटिस्ट आहे!’ अख्खा हॉल हसला. तोही हसला. मी बेस वाजवत खाली बघत राहिलो. त्या दिवशी त्या गाण्याचं आमच्यापुरतं काम संपलं.

आठवड्याने जुन्या मित्राने व्हिडिओ बघितला आणि मला एकच ओळ पाठवली: ‘माझा बाप तुमच्या गाण्यात काय करतोय?’ याचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. आम्ही चालीला आमची म्हणत होतो, ते बरोबरच होतं. पण डबा आमचा नव्हता.

म्हणून आता तुमच्यापुरतं, मी काय करेन ते सांगतो.

ऑडिशनआधी त्याच्याशी बसा. तो अजून तुमच्यात आहे, भांडण नाही, ही मोठी गोष्ट आहे. सहा महिन्यांनी हीच बैठक तिप्पट अवघड होईल. अकरा गाणी एकेक करून काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, रेकॉर्डिंगचे पैसे कुणी भरले. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. त्यामुळे ‘गाणी बँडची’ हे वाक्य मैत्रीत ठीक, कागदावर त्याला अर्थ नाही. आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, गाणी नोंदवली असतील तर तिथले वाटे या कागदाशी जुळतात का बघा. नोंदवली नसतील तर आत्ताच, चौघे एकत्र असताना नोंदवा. यूट्यूब चॅनेल आणि गाणी चढवणाऱ्या वितरकाचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे तेही त्याच कागदावर. हसू नका, मी पासवर्डपायी बंद पडलेले बँड पाहिलेत. मोठी रक्कम गुंतलेली असेल तर वकिलाला दाखवा, मी वकील नाही.

त्याच बैठकीत त्याला थेट विचारा: यातली कुठली गाणी दुसऱ्याने म्हटलेली तुला चालतील? माझा अंदाज, तीन-चारला तो सहज हो म्हणेल, बहुतेक दंगा-मस्तीची. दोन-तीनवर गप्प बसेल. ती गप्प बसलेली गाणी त्याच्याबरोबर जाऊ द्या. त्याने एकट्याने ती बीटवर केली तर तुमच्या संगीताचं काय, हेही तेव्हाच ठरवा. परवानगी दोन्हीकडून लागते.

नावाबद्दल मी स्पष्ट आहे. नवा रॅपर घेणार असाल किंवा गायक, नाव बदला. सहा वर्षांची ओळख जाईल म्हणून जीव तुटतो, मला कळतं. पण तेच नाव ठेवलंत तर प्रत्येक गिगला नव्या माणसाची जुन्याशी तुलना होणार आणि तो कायम बदलीवरच्या शिक्षकासारखा उभा राहणार. पोस्टरवर ‘अमुक बँडच्या तिघांचा नवा बँड’ असं वर्षभर छापा, म्हणजे ओळख वाया जात नाही. एकच अपवाद: हुक तुमचा गिटारिस्ट गात असेल आणि रॅपर ‘ठेवा रे नाव’ असं स्वतःहून म्हणत असेल, तर ठेवा.

रॅपर की गायक, हे मी सांगणार नाही, कारण ते माणूस समोर उभा राहिल्यावरच कळतं. फक्त ऑडिशनला जुनं गाणं देऊ नका. जुनं गाणं दिलं की तुम्ही नकळत सर्वांत चांगली नक्कल निवडता. एक नवा, अर्धवट रिफ वाजवा, आठ मिनिटं गोल फिरवत ठेवा, आणि तो माणूस त्यात जागा कुठे शोधतो ते बघा. आणि तुम्ही तिघं एकमेकांकडे बघा: त्याच्यामुळे कुणी आपला पार्ट बदलला का? ड्रमरने हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, उघडली, गिटारिस्ट आपसूक थांबला, असं काही झालं तर त्याला पुन्हा बोलवा. कुणीच काही बदललं नाही तर तो कितीही भारी असो, चहा पाजून पाठवा.

डिसेंबरआधी शेवटची गिग नक्की करा आणि ती नीट रेकॉर्ड करा. मोबाइलवर नाही, कन्सोलवरून प्रत्येक चॅनेल वेगळा. आजकालचे डिजिटल मिक्सर लॅपटॉपला एका यूएसबी केबलने मल्टिट्रॅक देतात, साउंडवाल्याला आधी सांगितलं की झालं. रेजने १२ आणि १३ सप्टेंबर २००० ला लॉस एंजेलिसच्या ग्रँड ऑलिम्पिक ऑडिटोरियममध्ये वाजवलेलं असंच नोंदवून ठेवलं होतं, झॅक जायच्या महिनाभर आधी. त्याचा अल्बम तीन वर्षांनी, २००३ मध्ये आला, तोवर तिघं ऑडिओस्लेव्ह म्हणून फिरत होते. तुमच्या गिगला प्रेक्षकांसाठीही दोन माइक लावा, स्टेजच्या दोन्ही कडांना, तोंड लोकांकडे. आमच्याकडे त्या मित्राचं शेवटच्या शोचं काहीही नाही. एक फोनवरची क्लिप आहे, त्यात माझा बेस फाटतोय आणि त्याचा आवाज फक्त हुकच्या आधी श्वास घेतो तेवढाच ऐकू येतो.